पिन्स सेव्ह होतात पण ब्लॉगवर कुणी येत नाही: माझा अनुभव

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण काही वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न मी विचारत फिरत होते. तुमचा ठिपक्यांच्या रांगोळ्यांचा ब्लॉग, पिंटरेस्ट या चित्रांच्या साइटवर चाळीसेक पिन्स (म्हणजे ब्लॉगची लिंक जोडून टाकलेले फोटो), त्यातल्या बऱ्याच धडाधड सेव्ह होतायत पण ब्लॉगवर कुणी फिरकत नाही, आणि आता कुणीतरी म्हणतंय की आमचा कोर्स करा म्हणजे गूगल लेन्स (कॅमेरा रोखून वस्तू शोधायची गूगलची सोय) वगैरे सगळं जमेल. कोर्सचे पैसे तूर्त राहू द्या. त्यातल्या थोड्या पैशांत पांढरी कार्डशीट आणि एक बरा टेबल लॅम्प येईल, त्याचा उपयोग जास्त होईल, का ते पुढे सांगते.

तुमच्या पिन्समधे फारसं काही चुकलेलं नाहीये, अडचण रांगोळीचीच आहे. १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी फोटोत पूर्ण दिसली की बघणारीचं काम तिथेच झालं ना. ती मोबाईल उंबऱ्याशी ठेवते, ठिपके मोजते आणि काढते. तुमच्या ब्लॉगवर येऊन तिला अजून काय मिळणारे? मी स्वतः दुसऱ्यांच्या रांगोळ्या अशाच बघून काढते आणि आजवर त्यातल्या एकीच्याही ब्लॉगवर गेलेली नाही, खोटं कशाला बोलू.

माझं गाडं हललं ते हलव्याच्या दागिन्यांनी. नणंदेच्या सुनेची पहिली संक्रांत होती, ते लोक न्यू जर्सीला, तिथे तिला हवे तसे दागिने मिळेनात, मग मी इथून रोज रात्री व्हिडिओ कॉल लावून तिच्याकडून करून घेतले आणि एवढी बडबड केलीच आहे तर लिहून ठेवावी म्हणून पोस्ट टाकली. मंगळसूत्राला किती हलवा लागतो, बाजूबंदाचं कार्डशीट केवढं कापायचं, नथ वाकते कुठे, दोऱ्याची गाठ कशी मारली की काटेरी हलवा निसटत नाही, असलं सगळं. काळ्या साडीवर पांढरा तन्मणी ठेवून एक फोटो काढला, पिन केला आणि विसरून गेले. त्या संक्रांतीला त्या एका पोस्टवर जेवढे लोक आले तेवढे माझ्या सगळ्या रांगोळ्या मिळून वर्षभरात आले नव्हते. फोटो बघून कळतं की दागिने सुंदर आहेत पण केले कसे ते फोटोत दिसत नाही, आणि मुलीच्या सासरी संक्रांत पाठवायचीय त्या बाईला ते 'कसे'च हवं असतं. बाकी जे काही सांगणारे ते सगळं या एका गोष्टीच्या खालचं आहे.

आता पिंटरेस्टबद्दल. २०१० साली सुरू झालेली ही साइट आपल्याकडे बरेच जण अजूनही इन्स्टाग्रामची बहीण समजतात आणि फॉलोअर मोजत बसतात. तिथे माणूस गप्पा मारायला येत नाही, काहीतरी शोधायला येतो, म्हणून मी तिला सर्च इंजिनच समजते. २०१५ पासून फोटोतला फक्त एक तुकडा निवडून तसंच दुसरं शोधायची सोय आहे, म्हणजे साडीच्या फोटोतली नुसती नथ निवडा आणि नथीच नथी बघा, आणि २०१७ मधे त्यांनी कॅमेरा रोखून शोधायचं लेन्स आणलं. मागे चालतं काय तर मशीन प्रत्येक चित्राचे आकडे करून ठेवतं आणि ज्यांचे आकडे जवळजवळ येतात ती चित्रं शेजारी आणून बसवतं. त्याला संक्रांत माहीत नाही, हौस माहीत नाही, त्याला आकार, रंग, पोत एवढंच दिसतं.

याचा अर्थ मला कळला तो एका फोटोवरून. दुसऱ्या वर्षी मी हौसेने मोठा फोटो काढला, ताटात तिळगूळ, शेजारी सुगडं, ऊस, बोरं, झेंडूची फुलं आणि त्यात कुठेतरी दागिने. दिसायला एकदम कॅलेंडर. त्या पिनखाली स्क्रोल करून बघितलं तर 'यासारखे आणखी' म्हणून दिवाळीची फराळाची ताटं आणि लग्नाचं रुखवत! म्हणजे मशीनने माझ्या दागिन्यांना ताट समजून ताटांच्या गल्लीत नेऊन सोडलं होतं. तेव्हापासून ही माझी फुकटातली तपासणी: पिन टाकल्यावर काही दिवसांनी खाली कुठल्या पिन्स दिसतायत ते बघायचं. हलव्याचेच दागिने दिसत असतील तर आपण योग्य गल्लीत आहोत. नसतील तर नवा फोटो, एकच वस्तू, साधी पार्श्वभूमी, बाजूने उजेड. पांढरा हलवा पांढऱ्या कागदावर नाहीसा होतो, त्याला काळं किंवा गडद कापडच लागतं, पण रंगीत वस्तूला पांढरं कार्डशीट उत्तम, आणि आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधे येतो तेवढा उजेड पुरत नाही म्हणून लॅम्प.

आकार उभा ठेवा, २:३, म्हणजे १००० बाय १५०० पिक्सेल. आडवा फोटो तिथे पार दबून जातो. वर मोठ्या अक्षरात एक ओळ लिहा पण देवनागरी फाँट जरा बघून घ्या. मुक्त (Mukta) किंवा बालू (Baloo) सारखे फाँट फोनवर नीट वाचता येतात, पण डीटीपीच्या जमान्यातला जुना फाँट वापरून कॉपी पेस्ट केलंत तर अक्षरांची भेळ होते आणि ती सगळ्यांना दिसते तरी कुणी आपल्याला सांगत नाही.

शब्दांचं काय, तर इथे मी खूप वेळ वाया घालवला. बोर्डाचं, म्हणजे एका विषयाच्या पिन्स जिथे एकत्र ठेवतो त्याचं, नाव मी 'माझी हौस' ठेवलं होतं! कोण शोधणारे 'माझी हौस'? आता बोर्ड सरळ 'हलव्याचे दागिने', 'बोरन्हाण सजावट', 'हळदीकुंकू वाण' असे आहेत. शीर्षकाला १०० अक्षरं मिळतात, त्यातली पहिली तीसचाळीसच फीडमधे दिसतात असं धरून चाला आणि मुख्य शब्द तिथे उरका. आणि आपली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे लोक मराठी शोधतात रोमनमधे. हलव्याचे कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू घालून, हळदीकुंकूचं तर विचारूच नका. मी शीर्षक देवनागरीत ठेवते आणि वर्णनात एकदोन रोमन स्पेलिंग वाक्यात बसवते, नुसती यादी ओतत नाही. कुठली स्पेलिंग घ्यायची हे डोक्याने ठरवू नका, गूगल सर्च कन्सोल (लोक गूगलवर काय शोधून आपल्या साइटपर्यंत पोचतात ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडा, परफॉर्मन्समधे सर्च टाइप 'इमेज' करा, लोकांनी काय टाइप करून तुमचा फोटो बघितला त्याची यादी समोर येते. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा अर्धा तास नुसती वाचत बसले होते, माझ्या स्वप्नातही आले नसते असे शब्द.

वेळेचं गणित मात्र पाठच करा. फेसबुकवर संध्याकाळी टाकलेलं सकाळी शिळं, पिंटरेस्टचं उलटं, पिन मुरायला आठवडेच्या आठवडे जातात आणि मग ती वर्षानुवर्षं चालते. दागिन्यांच्या पिन्स मी नोव्हेंबरात टाकते. संक्रांत १४-१५ जानेवारीला असते, पण लहान मुलांचं बोरन्हाण आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि ती तिथीप्रमाणे सरकते. २०२४ मधे ती १६ फेब्रुवारीला होती, महिन्याहून जास्त सीझन मिळाला, २०२५ ला ४ फेब्रुवारी, आणि २०२६ ला थेट २५ जानेवारी, म्हणजे जेमतेम अकरा दिवस! त्यामुळे कालनिर्णय बघितल्याशिवाय मी काहीच ठरवत नाही, यावर नवरा हसतो पण चालतंय.

गूगल लेन्सबद्दल तुम्ही फार आशा लावून बसलायत असं वाटलं म्हणून स्पष्टच सांगते. २०१७ ला आलेलं लेन्स आणि २०२४ पासून काही फोनवर आलेलं ते स्क्रीनवर बोटाने गोल करून शोधायचं 'सर्कल टू सर्च', दोन्ही भारी आहेत, पण प्रदर्शनात बाजूबंद बघून बाई त्यावर लेन्स रोखते तेव्हा माझा अनुभव असा की आधी विकणारेच दिसतात. तुमचा फोटो खाली कुठेतरी. त्यामुळे लेन्ससाठी म्हणून वेगळं काही करायला जाऊ नका, गूगलच्या इमेज सर्चसाठी जे करायचं तेच तिथेही कामाला येतं आणि ते अगदी घरकाम टाइप आहे. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेला आकडा न ठेवता वस्तूचं नाव द्या. ऑल्ट टेक्स्टमधे, म्हणजे फोटोला जोडलेल्या न दिसणाऱ्या वर्णनात, फोटोत जे आहे ते एका वाक्यात लिहा, आंधळ्या माणसाला फोनवर सांगतोय असं समजून, कारण मुळात ते त्यांच्यासाठीच असतं. फोटोच्या लगेच वरखाली त्याच फोटोबद्दलचा मजकूर हवा. थीममधे पार्श्वभूमी म्हणून सीएसएसने (पानाच्या सजावटीच्या कोडने) लावलेले फोटो गूगल इमेजमधे घेतच नाही, तेव्हा मुख्य फोटो तसा लावला असेल तर काढा. आणि तो मोठा असू द्या, निदान १२०० पिक्सेल रुंद, म्हणजे डिस्कव्हरमधे (गूगल अॅपमधे न शोधताच समोर येणाऱ्या लेखांत) मोठा दिसायची शक्यता राहते.

यात ब्लॉगरवाल्यांची (गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर ब्लॉग असलेल्यांची) एक खास खोड आहे. फोटो टाकताना 'मध्यम' आकार निवडला की ब्लॉगर फोटोची छोटी आवृत्तीच पानात लावतो, पत्त्यात एस३२० असं काहीतरी दिसेल. 'ओरिजिनल' करा. आणि व्हॉट्सअॅपवर मैत्रिणीने पाठवलेला फोटो उचलून टाकू नका, तो आधीच पिळून निघालेला असतो. मूळ फोटो मागा, आणि तिला विचारून टाका.

पिंटरेस्टचं बिझनेस अकाउंट फुकट आहे, ते करून घ्या आणि तुमची साइट क्लेम करा, म्हणजे ती तुमचीच आहे हे पिंटरेस्टला दाखवून द्या. ते एक ओळ देतात, ती थीमच्या एचटीएमएलमधे हेडमधे चिकटवायची, संपलं. मग अॅनॅलिटिक्समधे इम्प्रेशनचा मोठा आकडा दिसेल, त्याकडे बघून पेढे वाटू नका, तो नुसता नजरेखालून गेल्याचा आकडा आहे. 'आउटबाउंड क्लिक' नावाचा रांगेत मागे उभा असलेला गरीब आकडा बघा, ब्लॉगवर आलेले तेच. सेव्हला मी अगदीच कमी लेखत नाही, सेव्ह झाली की पिन दुसऱ्या बोर्डावर जाते आणि फिरत राहते, पण वाचक म्हणजे क्लिक.

दोन फटके मला बसले ते तुम्हाला बसू नयेत म्हणून. एकदा ब्लॉग नीटनेटका करायच्या उत्साहात मी सगळ्या पोस्टचे पत्ते बदलले, रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावायचं सुचलंच नाही, आणि नेमक्या जानेवारीत जुन्या पिन्सवरून येणारी प्रत्येक बाई 'पान सापडत नाही' बघून परत गेली, मला कळलं फेब्रुवारीत. दुसरं, एका विक्रेत्याने माझाच तन्मणीचा फोटो स्वतःचा माल म्हणून पिन केला. तक्रार करायला पिंटरेस्टचा कॉपीराइटचा फॉर्म आहे, भरला, तो फोटो गेला. पण तुमच्याकडे मूळ मोठा फोटो आणि त्याच दिवशी काढलेले शेजारचे दोनचार फोटो जपून ठेवलेले असतील तर वाद घालायला बरं पडतं, म्हणून मी आता नकोसे फोटोही उडवत नाही.

तुमच्या रांगोळ्या टाकून द्या असं मात्र अजिबात म्हणत नाहीये. पूर्ण रांगोळीच्या पिनऐवजी तीच रांगोळी अर्धी झालेली टाकून बघा, कुठून कुठे रेघ गेली ते ब्लॉगवर. किंवा चैत्रांगण घ्या. ते बघितलं की प्रत्येकीला प्रश्न पडतोच, हे कासव कशासाठी, गोपद्म किती काढायची, पाळण्यात कोण बसलंय, तुळशीवृंदावन कुठे. आमच्या पिढीतल्या निम्म्या जणींना आईला विचारायचं राहून गेलंय. तुमच्या ब्लॉगवर चैत्रांगणाची नुसती एक पोस्ट आहे आणि त्यात फोटोखाली दोन ओळी. ती आधी वाढवा, एकेका चिन्हाचा वेगळा फोटो काढा, प्रत्येकाची वेगळी पिन करा आणि सगळ्या त्याच पोस्टला जोडा. एकाच पानाला वेगवेगळ्या फोटोंच्या पिन्स चालतात, तोच फोटो पुन्हा पुन्हा टाकला तर मात्र काही होत नाही.

आत्ता श्रावण लागलाय, गणपतीच्या मखराचं यंदा सोडून द्या, उशीर झाला. दिवाळीच्या कंदिलाला लागा. मागच्या वर्षीच्या फोटोत तुमचा तो घोटीव कागदाचा पारंपरिक कंदील दिसतोय, झिरमिळ्यांचा, तो कसा केला याचा ब्लॉगवर एक शब्द नाही! काड्या केवढ्या कापल्या, कागद किती लागला, करंज्या कशा चिकटवल्या ते लिहा. लिहून झालं की इथे लिंक द्या, पिन टाकायच्या आधी मी एकदा फोटो बघून देते.