पुष्कर: तीन सरोवरं आणि सावित्रीचा शाप

प्रश्न: कार्तिकी पौर्णिमेला पुष्करला जायचं आहे. ब्रह्मदेवाचं जगातलं एकमेव मंदिर तिथेच का? घाटावरच्या पूजेत काय सांभाळावं?

उत्तर: ‘एकमेव’ हे सोडून द्या. गुजरातेत खेडब्रह्मा आहे, आपल्या शेजारी गोव्यात सत्तरीतलं ब्रह्माकरमळी आहे. मात्र शापाची कथा पुष्करचीच. ब्रह्मदेवाने वज्रनाभ राक्षसाला हातातल्या कमळाने मारलं आणि पाकळ्या तीन जागी पडल्या. वाळवंटाच्या कडेला तिथे पाणी फुटलं, अशी पद्मपुराणातली कथा. पुष्कर म्हणजे कमळच. पुढे यज्ञाचा मुहूर्त आला तरी सावित्री पोचेना. ती लक्ष्मी, पार्वती, इंद्राणीसाठी थांबलेली. पत्नीवाचून आहुती देता येईना, म्हणून इंद्राने एका गुर्जरकन्येला आणून ब्रह्मदेवाशी तिचा विवाह लावला. तीच गायत्री. सावित्री आली, ब्रह्मदेवाशेजारी दुसरी बसलेली पाहिली आणि त्याला शापून बसली: तुझी पूजा इथेच होईल. रुसून ती रत्नगिरी टेकडीवर गेली. तिचं देऊळ आजही वर आहे; चढवत नसेल तर रोपवे आहे.

आता घाट. सरोवराभोवती ५२ घाट आहेत. चपला पायऱ्यांच्या बऱ्याच अलीकडे काढायच्या, स्नान करणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. फसगत होते ती संकल्पात. हातात फुलं, नारळ आणि पाणी देऊन पुरोहित मंत्र म्हणवून घेतात, आणि मध्येच दक्षिणेचा आकडा तुमच्याच तोंडून वदवतात. बोललेला संकल्प मोडवत नाही, मग माणूस मुकाट्याने पैसे मोजतो. म्हणून फूल हातात घेण्याआधीच रक्कम ठरवा. मनगटाला लाल धागा बांधला की बाकीचे पुरोहित सहसा अडवत नाहीत.

प्रश्न: उंटांचा बाजार आणि स्नान, दोन्ही एकाच फेरीत जमेल?

उत्तर: अर्धवट. स्नानाचा काळ कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा. जनावरांची खरेदी-विक्री त्याआधीच रंगते आणि पौर्णिमेपर्यंत बरेच कळप परतलेले असतात. बाजार बघायचा तर पाच-सहा दिवस आधी पोचा. गर्दी नको असेल तर ज्येष्ठ पुष्करावर, म्हणजे घाटांच्या मुख्य सरोवरावर, स्नान उरकून उत्तरेकडच्या बुढा पुष्करला, म्हणजे कनिष्ठ पुष्करला जा. तिथे फारसं कुणी फिरकत नाही.