लॉकला कुलूप का म्हणू नये

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या एका वाचक ताई दक्षिण फ्रान्समधल्या ‘कॅनाल द्यु मिदी’ या जुन्या कालव्यावर लेख लिहीत आहेत. त्या कालव्यावरच्या, बोटी वर-खाली नेणाऱ्या दगडी ‘लॉक’साठी त्यांनी आधी ‘कालव्याचं कुलूप’ असं लिहिलं. ते वाचून भाचा पोट धरून हसला. मग कुठेतरी ‘जलपाश’ सापडला, पण तो त्यांच्या घशाखाली उतरेना. आता त्या विचारतात, आपला ‘बंधारा’ लावला तर चालेल का?

ताई, भाच्याचं बरोबर आहे. कुलूप हा आपण अरबी-फारसीकडून घेतलेला शब्द. मूळ ‘कुफ्ल’, आपल्या तोंडात अक्षरांची अदलाबदल होऊन ‘कुलूप’. त्याला किल्ली लागते आणि ते कडीला लागतं. इंग्रजीतल्या ‘लॉक’च्या जुन्या अर्थांत अडसरही होता आणि बंदिस्त जागाही. कालव्यावर आला तो हा अडवण्याचा, कोंडण्याचा अर्थ. फ्रेंच तर तिथे कुलपाचं नावही काढत नाहीत. त्यांचा शब्द ‘एक्ल्यूज’, म्हणजे लॅटिनमधून आलेलं ‘बाहेर अडवलेलं पाणी’. मला सगळ्यात आवडतो तो इटालियन शब्द, ‘कोंका’. अर्थ खोलगट भांडं, शिंपला. तो ग्रीकमधून आलेला आणि आपल्या ‘शंखा’चा सख्खा चुलतभाऊ.

‘जलपाश’ छापील मराठीत आढळतो, पण मलाही तो रुचत नाही. पाश म्हटलं की नागपाश, मोहपाश आठवतो. त्यात अडकलेला सुटत नाही. इथे तर बोट सुटून पुढे जावी म्हणूनच सगळा खटाटोप.

आता वस्तू नीट बघू, म्हणजे शब्द आपोआप सुचतील. लॉक म्हणजे दोन टोकांना दारं असलेला लांबट हौद. एका बाजूला कालव्याचं पाणी खाली, दुसऱ्या बाजूला वर. बोट खालून आली की खालचं दार उघडून ती हौदात घ्यायची आणि दार लावायचं. वरच्या मोठ्या दारात खाली एक लहानशी झडप असते, ती उचलली की वरचं पाणी आत येतं. वाड्याच्या मोठ्या दरवाज्यात दिंडी असते ना, तशीच ही, फक्त माणसाऐवजी पाण्याला वाट देणारी. हौद भरतो, बोट पाण्याबरोबर वर चढते, दोन्हीकडची पातळी एक झाली की वरचं दार उघडतं. पंप नाही, इंजिन नाही. पातळी एक झाल्याशिवाय मात्र ते दार दहा पैलवान लावलेत तरी हलायचं नाही.

ते का, यातच खरी गंमत आहे. दाराच्या दोन फळ्या मिटल्यावर एका सरळ रेषेत येत नाहीत. वरच्या पाण्याकडे टोक करून एकमेकींना टेकतात, कौलारू घराचं आढं आडवं पाडावं तशा. पाणी जितकं रेटेल तितक्या त्या घट्ट बसतात. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत अशा दारांचं चित्र आहे. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांना पाणीच उघडतं. या दारांना पाणीच मिटून धरतं. फळीचा खांब दगडात कोरलेल्या खोबणीत फिरतो, गडाच्या जुन्या दरवाज्यांचा फिरायचा तसाच. तळाशी फळ्या ज्याला टेकतात तो दगडी उंबरा.

तुमच्या कालव्यावरची लॉक पोटात फुगीर आहेत, हे लेखात जरूर लिहा. दारापाशी रुंदी साधारण 6 मीटर, मधोमध 11. पिएर-पॉल रिके या मिठावरचा कर गोळा करणाऱ्या माणसाने 1666 साली हे काम अंगावर घेतलं. सुरुवातीच्या सरळ भिंतींचं एक लॉक ढासळलं. हौद रिकामा झाला की मागची ओली माती भिंतीला आत ढकलते, तिला समोरून पाण्याचा आधार उरत नाही. मग त्याने भिंती बाहेरच्या बाजूला वाकवल्या, म्हणजे मातीकडे पाठ करून निजलेली कमान. आपल्याकडे बांधीव विहीर गोल का असते, हे ज्याने बघितलंय त्याला आणखी सांगायला नको. बेझिए गावाजवळ फोन्सरान इथे असे आठ हौद एकाला एक जोडून काढलेत, बोट त्यांतून सुमारे साडेएकवीस मीटर चढायची. रिके 1680 मध्ये गेला आणि कालवा 1681 मध्ये सुरू झाला.

‘बंधारा’ मात्र नको. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाणी अडवतो, नाव पलीकडे नेत नाही. आपले कालवे आणि पाट शेतीसाठी. पुरात गूळ कढवायच्या काहिलीत बसून पैलतीर गाठणारी माणसं आपल्यात आहेत, पण कालव्यातून मालाच्या नावा चालल्या नाहीत. वस्तूच नव्हती, शब्द कुठून येणार? जिथे वस्तू आली तिथे शब्दही रुळला. गोदावरी-कृष्णेच्या त्रिभुजातल्या कालव्यांवर एकोणिसाव्या शतकात लॉक बांधली गेली आणि तेलुगूत त्यांना सरळ ‘लाकु’ म्हणतात, अनेकवचन ‘लाकुलु’. कोलकात्यात लॉकगेट नावाचा रस्ताच आहे.

बंधाऱ्यावरचा एक शब्द मात्र तुम्हाला थेट उचलता येईल. पावसाळा सरला की आपण बंधाऱ्याच्या खांबांच्या खाचांत दोन ओळींत बरगे, म्हणजे फळ्या, घालतो, मधे माती ठासतो आणि पुढच्या पावसाआधी ते काढतो. लॉकच्या दगडी भिंतींतही अशाच उभ्या खाचा असतात. दुरुस्तीसाठी हौद कोरडा करायचा असला की त्यांत फळ्या सोडून पाणी अडवतात. त्या फळ्यांना बेधडक ‘बरगे’ लिहा, कोल्हापूर-सांगलीत एकही वाचक अडणार नाही.

तेव्हा माझं मत असं: नाव ‘लॉक’च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘दोन्ही टोकांना दारं असलेला, बोट वर-खाली नेणारा हौद’ एवढं सांगा, पुढे हौद, दिंडी, उंबरा, खोबण, बरगे हे घरचे शब्द मोकळेपणाने वापरा. शेवटी ‘लॉक’ शब्दाचं लिंग कोणतं, हेही तुम्ही विचारलंय. मी नपुंसकलिंगी लिहितो: एक असेल तर ते लॉक, अनेक असतील तर ती लॉक. बोलताना ‘लॉकं’ तोंडात येतं, ते छापताना टाळा. नाहीतर भाचा पुन्हा हसेल.