थिसिसच्या सेमिनारबद्दल विचारलंस म्हणून

स्वीडनमध्ये उप्सालाला मास्टर्ससाठी येते आहेस, मुलगीही बरोबर आहे, आणि इथे थिसिसला सगळ्यांना एकत्र सेमिनारला बसवतात हे ऐकून धास्तावली आहेस, असं लिहिलंस. फी, राहण्याचा परवाना, घर यांची माहिती विद्यापीठाच्या साइटवर आहे, ती पुन्हा उगाळत नाही.

गाईड मिळतो, पण त्याचे तास ठरलेले असतात. 30 क्रेडिटचा थिसिस म्हणजे एक अख्खं सेमिस्टर. बरेच विभाग आराखड्याचा, अर्ध्या वाटेवरचा आणि शेवटचा असे सेमिनार घेतात. शेवटच्यात दुसरा विद्यार्थी तुझं लिखाण वाचून येतो आणि सगळ्यांदेखत त्याची चिरफाड करतो. त्याला ऑपोनंट म्हणतात. तुलाही कुणाची तरी ऑपोनंट व्हावंच लागतं. ग्रेड देणारा परीक्षक तिसराच असतो.

पुण्यात माझं डिसर्टेशन म्हणजे सरांच्या केबिनबाहेर ताटकळणं. सर म्हणायचे, "छान, ठेवून जा." इथे पहिल्याच सेमिनारला एका पोरसवदा मुलाने विचारलं, "तुझा प्रश्न कुठे आहे? मी चार पानं शोधतोय." मी म्हटलं, आधी पार्श्वभूमी नको का? तो म्हणाला, आधी प्रश्न हवा. माझं पित्त खवळलं. पण त्याच्या प्रतीवर पानापानाला पेन्सिलीच्या खुणा होत्या. माझं लिखाण इतकं निगुतीने त्याआधी कुणी वाचलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

टीका ऐकायची आपल्याला सवय असते गं, लग्नानंतर तर जास्तच. जड जातं ते दुसऱ्याच्या कामावर तोंडावर बोलणं. "खूप छान लिहिलंय" म्हणून सुटता येत नाही, कारण ऑपोनंट म्हणून तू काय बोललीस तेही बघतात. 'दीवा' या ऑनलाइन साठ्यात स्वीडिश विद्यापीठांतले असंख्य थिसिस कुणालाही वाचता येतात. तुझ्या विभागातले दोन-तीन उतरवून घे आणि निघण्याआधी घरीच त्यांची ऑपोनंट हो. प्रश्न काय, पद्धत त्याला पुरते का, निष्कर्ष पुराव्यापुढे धावतो का, एवढं धरलंस तरी पुष्कळ.

मुलीच्या शाळेचं मात्र सांगायलाच हवं. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना शाळेत मातृभाषेचा तास मागता येतो. त्यासाठी सहसा किमान पाच मुलं लागतात आणि शिक्षक मिळायला लागतो. आम्ही घराघरांत फोन करून मराठी मुलं जमवली. मग पत्र आलं की शिक्षक नाही, हिंदी चालेल का? ते पत्र मी अजून फाडलेलं नाही. लेक मराठी बोलते, वाचत नाही. आजीचे मेसेज मी मोठ्याने वाचून दाखवते. तू निदान बाराखडी तिथेच पक्की करून आण. आल्यावर स्वीडिश, तुझा थिसिस, नवऱ्याची कागदपत्रं यांत ते राहूनच जातं. कागदपत्रांचं तर विचारूच नकोस, आमचा मराठीतला विवाहाचा दाखला एका कार्यालयातून किती फेऱ्या मारून आला! आणि व्यक्तिक्रमांक, म्हणजे इथला ओळखक्रमांक, हाती येईपर्यंत बँकवाले सहसा दारात उभं करत नाहीत.

एकटेपणाचंही विचारलंस. डिसेंबरात पावणेतीनलाच सूर्य जातो. सवय होते.

खरं सांगू? झाली नाही. पण अंधाराने नाही, थिसिस पास झाल्यावर एकटेपण जाणवलं. सेमिनारच्या खोलीत कॉफीचे कप असायचे, दालचिनीचे पाव असायचे, आणि सात-आठ माणसं माझ्या पानांवर डोकं घालून बसलेली असायची. आता चांगली नोकरी आहे, सहकारी नीट बोलतात, पण मी काय लिहिलं याची वाट बघणारं कुणी नाही. बऱ्याच विभागांत शेवटचे सेमिनार खुले असतात. मेअखेर मी अजून जाऊन बसते, विषय कुठलाही असो. घरी सांगते, लायब्ररीत होते.

तुझा सेमिनार लागला की तारीख कळव. मागे बसेन. ऑपोनंट ढिला निघाला तर मात्र मी हात वर करणार.