डॉग मॅन वाचताना पीटीवर लक्ष ठेवा

ताई, डॉग मॅन या कुत्र्याचं डोकं असलेल्या पोलिसाच्या कॉमिक मालिकेचं २०१६ चं पहिलं पुस्तक चाळून "नुसती मारामारी आणि शी-शूचे जोक" म्हणत बाजूला ठेवू नका प्लीज. २०१७ च्या तिसऱ्या भागापर्यंत तरी जा, तिथे पीटी बोका म्हणजे आपला व्हिलन, दुष्टपणात साथीदार हवा म्हणून स्वतःचा क्लोन बनवतो आणि निघतं काय तर इवलंसं पिल्लू, जे त्यालाच पापा म्हणतं! खरी मजा इथून. पीटी एका रात्रीत सुधारत नाही, घसरतो, चिडतो, परत प्रयत्न करतो, म्हणूनच तो मला हिरोपेक्षा जास्त जवळचा वाटतो. पुढे लहानपणी त्याला सोडून गेलेला बाप परत येतो, तेव्हा वाचणाऱ्या तुमच्या मुलाला लगेच "माफ करायला हवं ना?" असं विचारू नका हं, थांबा, मुलं आपणहून बोलतात. आणि फ्लिप-ओ-रामाची पानं, म्हणजे भराभर उलटसुलट केली की चित्र हलतंय असं वाटतं ती, मुलालाच फडफडवू द्या, फाटली तर सेलोटेप आहेच.