वाचकांचे प्रश्न : मोटारसायकल, कार्ने आणि मोम्बासाचे बंदर

(पत्रे संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : सांगलीत माझे दुकान आहे. सहा महिने ते धाकटा भाऊ सांभाळणार असून, मी माझी 411 सीसी हिमालयन मोटारसायकल मुंबईहून जहाजाने केनियातील मोम्बासाला पाठवून तेथून केपटाउनपर्यंत एकट्याने जाणार आहे. सस्पेन्शन, टायर आणि सामानाच्या पेट्या यांचा अभ्यास झाला आहे. कार्ने ही सीमाशुल्काची हमीपुस्तिकाही काढायची आहे. आणखी काय राहिले? निघावे केव्हा?

उत्तर : आपल्या मूळ पत्रात सस्पेन्शनला दोन पाने मिळाली आहेत आणि कार्नेला एक ओळ. हे प्रमाण उलटे असायला हवे होते. सस्पेन्शन वाटेत बिघडले तर कोणीतरी ठोकून-ठाकून पुढच्या गावापर्यंत पोहोचवतो. कार्नेवरचा शिक्का चुकला तर कोणताही मिस्त्री कामाला येत नाही.

कार्ने म्हणजे आपली गाडी परदेशात विकली जाणार नाही, ती परत येईल, याची सीमाशुल्क खात्याला दिलेली हमी. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनमार्फत आपल्याकडचे प्रवासी ती घेत आले आहेत. गाडीची किंमत आणि आपण जाणार असलेले देश पाहून अनामत किंवा बँक गॅरंटी ठरते, आणि ही रक्कम प्रवास संपेपर्यंत अडकून राहते, हे खर्चाचा हिशेब मांडतानाच धरावे. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टमचा माणूस एक तुकडा फाडून ठेवतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा भाग दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेत राहतो. हा राहिलेला तुकडाच आपला पुरावा असल्याने खिडकीपासून हलण्यापूर्वी त्यावरची तारीख, शिक्का आणि सही स्वतः वाचून पाहावी. एका सीमेवर मी घाईत बाहेर पडण्याचा शिक्का न घेताच निघालो आणि 40 किलोमीटर पुढे चहा पिताना ते लक्षात आले. परत गेलो, तेव्हा खिडकी जेवणासाठी बंद झाली होती. सोबत दुसरा कोणी असता, तर दोघांपैकी एकाला तरी आठवले असते. एकट्याने जाणाऱ्याने हे काम कागदावर लिहिलेल्या यादीकडे सोपवावे आणि ती यादी टाकीवरच्या पिशवीत डोळ्यांसमोर ठेवावी.

आणखी एक बारकावा. बोट्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका हे एकाच सीमाशुल्क संघात आहेत. त्यामुळे संघात शिरताना एकदा आणि संघाबाहेर पडताना एकदा, असेच कार्नेचे पान वापरले जाते. मधल्या एखाद्या नाक्यावर कोणी उत्साहाने नवे पान फाडू लागल्यास त्याला हे नम्रपणे सांगावे. गाडी भारतात परत आल्यावरही काम संपत नाही. येथील कस्टमने ती परत आल्याची नोंद केल्यावरच अनामत मोकळी होते.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओत मिळतो. तो एक वर्षच चालतो, म्हणून फार आधी काढून ठेवू नये. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र 10 दिवसांनंतर ग्राह्य होते. केनियातून आलेल्या प्रवाशाकडे दक्षिण आफ्रिका ते मागते. आणि काही कारणाने नैरोबीहून अर्ध्यातून घरी परतावे लागले, तर ते नसल्यास आपल्याच विमानतळावर विलगीकरणात बसण्याची पाळी येते. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आगाऊ काढावा लागतो, तेव्हा तेथे पोहोचेपर्यंत त्याची मुदत टिकेल अशा बेताने अर्ज करावा.

निघण्याच्या दिवसाविषयी. केनिया आणि टांझानियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो, म्हणून मोम्बासाहून जूनमध्ये सुटावे. पुढे नामिबियापर्यंत कोरडा हंगाम मिळतो, मात्र जुलैतल्या तेथील रात्री चांगल्याच गारठवतात. विमानाचे तिकीट जहाजाच्या वेळापत्रकावर विसंबून काढू नये. गाडीची पेटी बंदरात उतरल्याचा निरोप आला, की मगच काढावे. पण तो आल्यावर रेंगाळूही नये, कारण बंदरातले डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे भाडे, दिवसागणिक चढते. गाडी पेटीत घालताना पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि बॅटरीच्या तारा सोडाव्या लागतात, तेव्हा ती पुन्हा जोडायचे पाने पेटीत वरच्या बाजूला ठेवावेत.

प्रश्न : आफ्रिकेत गाडी बिघडली तर मिस्त्री मिळतो का? सुटे भाग किती न्यावेत? (ठाणे)

उत्तर : मिस्त्री मिळतो, आणि आपल्याला वाटते त्याहून चांगला मिळतो. स्वाहिलीत मोटारसायकलला ‘पिकीपिकी’ आणि भाड्याने माणसे नेणाऱ्या मोटारसायकलला ‘बोडाबोडा’ म्हणतात. केनिया, टांझानियाच्या रस्त्यांवर या बोडाबोडांमध्ये आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर आणि टीव्हीएसच्या गाड्या जागोजागी दिसतात, म्हणून चेन, पंक्चर आणि वेल्डिंग यांची चिंता नको. आपल्या विशिष्ट गाडीचेच जे भाग आहेत, तेवढेच न्यावेत : क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, एक क्लच लिव्हर. हिमालयनचे पुढचे चाक 21 इंची आणि मागचे 17 इंची असल्याने दोन्ही मापांच्या ट्यूब हव्यात. जादा क्लच केबल पेटीत ठेवण्यापेक्षा चालू केबलच्या शेजारून ओवून दोन्ही टोके टेपने बांधून ठेवावी; तुटली, की टाकी न काढता दहा मिनिटांत बदलता येते. चेनला तेल संध्याकाळी, मुक्कामी पोहोचताच, ती गरम असताना द्यावे. नामिबियाच्या खडीच्या रस्त्यावर हवा थोडी कमी करावी आणि पेट्रोलचा पंप दिसला, की टाकी अर्धी असली तरी भरावी. सुदैवाने या सबंध मार्गावर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते.

प्रश्न : माझी 29 वर्षांची मुलगी याच मार्गाने एकटी जाणार म्हणते. तिला अडवावे असे वाटत नाही, पण झोपही लागत नाही. मी काय करावे? (नाशिक)

उत्तर : ताई, बाईने एकटीने जाणे ही आजची टूम नाही. 1973 मध्ये ॲन-फ्रान्स दोतव्हील ही फ्रेंच महिला 125 सीसीच्या छोट्या कावासाकीवर जगभर हिंडली. 2023 मध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. ही नावे आपल्याला झोप लावणार नाहीत, याची मला कल्पना आहे; म्हणून कामाचे सांगतो. रोज फोन करण्याचे वचन तिच्याकडून घेऊ नये, कारण रेंज नसलेल्या पहिल्याच दिवशी आपण घाबराल. त्याऐवजी ‘48 तास निरोप आला नाही, तर कोणाला, कोणत्या क्रमाने फोन करायचा’ हे दोघींनी बसून ठरवावे आणि त्या कागदावर त्या त्या देशातील भारतीय दूतावासाचा क्रमांक असावा. उपग्रहावरून निरोप धाडणारे यंत्र उपयोगी असले, तरी भारतात ते परवान्याविना बाळगणे बेकायदा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी महिलेला त्यापायी अडवले होते. हवेच असेल तर ते परदेशातच घ्यावे आणि परत येताना सोबत आणू नये.

तिच्याकडून एकच वचन घ्यावे : अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. बोट्स्वानात हत्ती, सगळीकडे गुरे आणि दिवे नसलेले ट्रक, ही तेथील खरी भीती आहे. आणि पासपोर्ट सामानाच्या पेटीत न ठेवता अंगावर ठेवावा. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबईहून इंग्लंडपर्यंत गेलेल्या एका मराठी स्वाराची मोटारसायकल नॉटिंगहॅममध्ये सामानासकट चोरीला गेली. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या देशात, तेही न्याहारीच्या वेळी.

प्रश्न : अभयारण्यांत मोटारसायकल नेता येते का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. नामिबियातील इटोशा आणि दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर, दोन्हींकडे मनाई आहे. गाडी बाहेर ठेवून भाड्याच्या जीपने आत जावे. टांझानियातील मिकुमीतून मात्र महामार्गच जातो. तेथे जिराफ आणि हत्ती रस्त्यालगत दिसतात, पण फोटोसाठी गाडीवरून उतरू नये.