जुन्या बेसबॉल कार्डाची बनावट प्रत कशी ओळखावी?

टॉप्स या अमेरिकी कंपनीने खेळाडूंची चित्रे छापून काढलेल्या संग्राह्य कार्डांपैकी 1952 सालचे, मिकी मँटल या नामवंत बेसबॉलपटूचे कार्ड आपल्याला एका अनोळखी विक्रेत्याकडून मिळत आहे, त्याचे कोपरे झिजलेले आहेत आणि कागदही पिवळा पडला आहे, तेव्हा ते अस्सल समजावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, झीज आणि पिवळेपणा पुरावा म्हणून मुळीच धरू नयेत. कार्ड जुनाट दिसेल असे करणे सोपे असते. जुनी छपाई हुबेहूब उतरवणे फार कठीण.

म्हणून दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन सर्वप्रथम अक्षरे आणि बारीक रेषा पाहाव्यात. त्या काळच्या छपाईत चित्र ठिपक्यांचे असले, तरी काळी अक्षरे एकसंध शाईची आणि रेखीव कडांची असतात. बनावट प्रत बहुधा अस्सल कार्ड स्कॅन करून छापलेली असते, त्यामुळे भिंगाखाली अक्षरेसुद्धा निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांत विस्कटतात व कडा पुसट होतात.

एकदा 1933 सालच्या गाउडी कंपनीच्या कार्डाने मला जवळजवळ फसवले होते. कोपऱ्यावर घडीची स्पष्ट रेघ होती, पण तिच्यावरून नख फिरवले तर काहीच लागेना. ती घडी मूळ कार्डासोबत स्कॅन होऊन छापली गेली होती. खऱ्या घडीत शाई तडकते आणि आतले कागदाचे तंतू उघडे पडतात, हे तेव्हापासून मी प्रत्येक कार्डावर आवर्जून पाहतो.

माप घेणेही आवश्यक आहे. 1952 चे टॉप्स कार्ड 2⅝ बाय 3¾ इंचांचे असते, तर त्याच कंपनीने 1983 साली अधिकृतपणे काढलेले पुनर्मुद्रण 2½ बाय 3½ इंचांचे आहे. अशा प्रतींच्या मागील बाजूचा पुनर्मुद्रणाचा उल्लेख काही जण खरवडून काढतात, त्यामुळे मागची बाजू तिरप्या प्रकाशात धरून कागद कुठे खरबरीत झाला आहे का, हे पाहावे. कागदाला शुभ्रता देणारी चकाकती रसायने 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वापरात आली, म्हणून त्याआधीचे म्हटले जाणारे कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर पांढरे चमकले तर ते सरळ नाकारावे. मात्र न चमकणे ही अस्सलपणाची खूण नव्हे. जुना कोरा कागद मिळवून त्यावर छापणारेही आहेत.

माझा सर्वांत जास्त भरवसा तुलनेवर आहे. मँटलचे कार्ड 311 क्रमांकाचे, म्हणजे त्या संचाच्या शेवटच्या, 311 ते 407 या मालिकेतले आहे. त्याच मालिकेतले एखाद्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूचे खात्रीचे कार्ड ओळखीच्या संग्राहकाकडून पाहायला मागावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पुठ्ठ्याची जाडी, मागच्या बाजूचा रंग व शाईचा काळेपणा ताडून पाहावा.

कार्ड प्रमाणित करून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेले असले, तरी डबीसुद्धा बनावट असू शकते. लेबलावरचा क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नोंदीत शोधावा आणि तिथे छायाचित्र असेल तर कोपऱ्यांच्या व डागांच्या खुणा एकेक करून जुळवाव्यात. व्यवहारापूर्वी विक्रेत्याकडे नावाच्या अक्षरांचे अगदी जवळून काढलेले छायाचित्र मागावे. ते देण्यास तो टाळाटाळ करू लागला, तर पैसे पाठवू नयेत.