माझ्याच मुलाला यहूदा का?

नाटकात वाईट माणसाचं काम केलं तर मूल तसंच होईल का, हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. वसईतल्या एका कॅथलिक शाळेत मी समुपदेशक म्हणून जाते. तिथे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचं नाटक बसतं, आणि पालकांची धास्ती बहुतेक वेळा एकाच नावावर येऊन थांबते: येशूला दगा देणारा त्याचा शिष्य, यहूदा.

(ओळख पटू नये म्हणून पुढचे काही तपशील बदलले आहेत.)

आठवीतल्या एका मुलाची आई आली. "मॅडम, फादरांना सांगून त्याला दुसरं काम द्या. रोमन शिपाई चालेल. सासूबाई रोज रोझरीनंतर मलाच बोलतात." शिपायाचं काम येशूला फटके मारायचं, ते मात्र त्यांना चालणार होतं! मी हसू दाबलं, कारण त्यांची काळजी खोटी नव्हती. मुलगा चिडचिडा झाला होता, जेवताना बोलत नव्हता. हे सगळं भूमिकेमुळेच, अशी त्यांची खात्री होती.

मुलाशी एकट्याने बोलले, तर वेगळंच निघालं. व्हॅनमधल्या पोरांनी त्याच्या अंगावर एक रुपयाचं नाणं फेकलं होतं. "घे, बाकीची एकोणतीस उद्या." यहूदाने तीस नाण्यांसाठी येशूला धरून दिलं, हे त्या पोरांना चांगलंच पाठ होतं. घरी त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. काम सोडायचंय का, असं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "नाही. पेत्रानेपण तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलंच ना? मग मलाच का चिडवतात?" पेत्र हाही येशूचाच शिष्य.

हा प्रश्न त्याला धर्मशिक्षणाच्या तासाला पडला नव्हता. तालमीत पडला. शाळेत नाटक कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या, शाळांमध्ये सोळाव्या शतकापासून विद्यार्थी नाटकं करत आले आहेत. फ्रेंच नाटककार मोलिएर पॅरिसच्या अशाच एका शाळेत शिकला. पाठांतर आणि वक्तृत्व सुधारावं हा त्यामागचा एक हेतू होताच, पण दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलल्यावर ती गोष्ट ऐकीव राहत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

अडचण होती ती तालमीच्या पद्धतीत. संवाद वाटले, पाठ करून घेतले, उभं केलं, झालं. मी नाटक बसवणाऱ्या टीचरांशी बोलले. त्यांनी वर्गात एक खुर्ची ठेवली. रोज वेगळं मूल यहूदा होऊन तिच्यावर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. का केलंस? पैशाचं काय करणार होतास? मग नाणी परत का नेलीस? पेत्र झालेला मुलगा खुर्चीवर बसला आणि पहिल्याच प्रश्नाला गप्प झाला. यहूदा ही एकट्या कुणाची बाब उरली नाही.

तालीम संपली की शाल काढून खुंटीला लावायची, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं आणि घरी जाऊन काय खाणार तेही. पोरकट वाटेल, पण भूमिकेतून बाहेर पडायची अशी ठरलेली रीत मुलांना लागते. यहूदाचा शेवट रंगमंचावर दाखवायचा नाही, नाणी मंदिरात टाकतो तिथेच प्रवेश संपवायचा, हा माझा आग्रह होता. आत्महत्येचा प्रसंग आठवीच्या मुलांकडून उभा करून घेणं मला पटत नाही. फादरांनी ते मान्य केलं. व्हॅनमधला त्रास वर्गशिक्षिकेने वेगळा हाताळला. छळावर नाटक हा उपाय नव्हे.

आईला मी निळू फुल्यांची आठवण दिली. पडद्यावर त्यांना पाहून बायका शिव्या घालायच्या, आणि माणूस आलेला राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून. जर्मनीच्या बव्हेरियातल्या ओबरामरगाऊ गावात 1634 पासून गावकरी हेच दुःखसहनाचं नाटक करतात. तिथे 2022 साली यहूदा करणाऱ्या दोघांपैकी एक तरुण मुसलमान होता. गावाने त्याला गद्दार ठरवलं नाही. "आमच्या सासूबाईंना हे सांगून काय उपयोग," त्या म्हणाल्या. तेही खरंच.

सासूबाई प्रयोगाला आल्या नाहीत. आई आली. व्हॅनमध्ये अजून एखादा चिडवतो, तेव्हा मुलगा हात पुढे करून उरलेली एकोणतीस मागतो.

तुमच्या मुलाला असं काम मिळालं तर ते बदलून मागण्याआधी त्याला विचारा, चिडवतंय का कुणी. शाळेला विचारा, तालमीनंतर मुलांशी बोलणं होतं का. प्रयोग होऊन गेल्यावरही झोप उडालेली असेल, किंवा "मी वाईटच आहे" असं मूल स्वतःबद्दल म्हणायला लागलं, तर थांबू नका, समुपदेशकाकडे या. ते नाटकामुळेच असेल असं नाही. पण कळलं तर आहे.